काळ्या-पांढऱ्या फोटोसाठी कागद कसा निवडावा

फोटोच्या कागदाविषयी रेडिओवरून बोलायचं म्हणजे पंगतीचं नुसतं वर्णन करून पाहुण्याला हात धुवायला सांगण्यासारखं आहे. तरी हा विषय घ्यावासा वाटला, कारण जुन्नर-आंबेगावच्या शाळांतून एकच प्रश्न मला निरनिराळ्या तोंडून ऐकायला मिळतो. शाळेला पन्नास वर्षे होतात, पंचाहत्तर होतात. गुरुजी गावात हिंडून जुने काळे-पांढरे फोटो गोळा करतात, ते मोठे करून आणतात, चौकटीत बसवून कार्यालयात लावतात. आणि तीन-चार पावसाळे गेले की विचारतात, "अहो, मूळचा फोटो साठ वर्षं टिकला, मग ही नवी प्रत कशी गेली?"

प्रश्न रास्त आहे. त्याच दगडाला मीही ठेचाळलो आहे.

घोडेगावच्या बाजूच्या एका निवृत्त गुरुजींनी एकदा मला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून दिला. आत एकतीस निगेटिव्ह होत्या, जुन्या वहीच्या कागदात गुंडाळलेल्या. फोटो जुन्या आंबेगावचे आणि आसपासच्या वाड्यांचे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, हे आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. जलाशयाला आता हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की जुन्या गावाच्या खुणा वर येतात, तेवढेच. गुरुजी म्हणाले, "छापलेले फोटो गाव हलताना कुठे गेले कोण जाणे. आता हे एवढंच उरलंय."

मी मोठ्या उत्साहाने त्या निगेटिव्ह संगणकावर घेतल्या आणि ओळखीच्या एका दुकानातून, स्वस्त पडतो म्हणून, चकचकीत कागदावर सगळ्यांच्या प्रती काढून आणल्या. पहिल्या दिवशी त्या फारच देखण्या दिसल्या. तिसऱ्या पावसाळ्यानंतर पाहतो तो काळ्याचा रंग तांबूस झालेला, दोन प्रती काचेला चिकटलेल्या, आणि एका मुलाच्या तोंडावर ओलीचा ओघळ. निगेटिव्ह शाबूत होत्या म्हणून निभावले. मात्र तेव्हापासून कागद म्हणजे काय, शाई म्हणजे काय, हे मी मुळातून समजून घेऊ लागलो.

आज घरी किंवा दुकानात फोटो छापतात ते बहुतेक इंकजेट यंत्रावर. नारायणगावाकडचा बागाईतदार द्राक्षवेलीवर पंपाने औषध फवारतो, तसे हे यंत्र शाईचे अतिशय बारीक थेंब कागदावर फवारते. फवारणीत थेंब पानावर टिकला पाहिजे, ओघळता कामा नये, इथेही तेच. थेंब जिथे पडला तिथेच राहिला तर चित्र रेखीव. तो कागदात पसरला, खोल मुरला, की काळ्याचा करडा झाला.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. यंत्रात काळी शाई असते, करडी असते, पण पांढरी शाई नसते. फोटोतली पांढरी टोपी, पांढरे धोतर, भीमाशंकराच्या रानावरचे धुके, हे सगळे म्हणजे न छापलेला किंवा कमी छापलेला कागदच. रंगीत फोटोत कागदाचा थोडाफार दोष रंगाखाली झाकून जातो. काळ्या-पांढऱ्यात मात्र कागद निळसर असेल तर टोपी निळसर आणि पिवळा पडला तर टोपी पिवळी. म्हणून मी म्हणतो की काळा-पांढरा फोटो निम्मा कागदाचाच असतो.

हे सांगताना मला आपल्या जुन्नरची आठवण येते. जुन्नर हे एके काळी कागद करणाऱ्यांचे गाव होते. मराठी दफ्तरांत दौलताबादी कागदाच्या जोडीने जुन्नरी कागदाचे नाव येते. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा हे नाव अजून आहे, तेही याच कारागिरांचे. आपल्याकडचे कागदी जुन्या चिंध्या, ताग, दोरखंड, गोणपाट असा माल घेत, चुन्यात भिजवत, कुटून त्याचा लगदा करत आणि पाण्यातून चाळणीवर ताव उचलत. ताव वाळला म्हणजे काम संपले असे नव्हे. त्याला खळ लावत, आणि खळ वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटत. हे घोटणे कशासाठी? बोरूची शाई पसरू नये, अक्षर वर राहावे, यासाठी. आणि शाई कसली? काजळ आणि डिंक. काजळ म्हणजे नुसता कोळसा. तो उन्हाने विटत नाही. म्हणून तीनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद कसरीने चाळण केलेला असला तरी त्यावरचे अक्षर काळेच्या काळे असते.

चांगला धागा, वरून खळ, आणि काजळाची शाई. आज परदेशी पेटीतून येणारा महागडा कागद घ्या, तोही याच तीन कसोट्यांना उतरावा लागतो. नावे तेवढी बदलली.

शाईपासून सुरुवात करू, कारण ती चुकली तर सोन्याच्या पत्र्यावर छापूनही उपयोग नाही. इंकजेटची शाई दोन जातींची. एक पाण्यात विरघळलेल्या रंगाची, तिला डाय म्हणतात. दुसरी घन कणांची, तिला पिगमेंट म्हणतात. डायची शाई चहात विरघळलेल्या साखरेसारखी असते. ती दिसते झळझळीत, पण प्रकाशाने, हवेतल्या ओझोनने आणि ओलीने लवकर बिघडते. साध्या यंत्रात करडा रंग तीन-चार रंग मिसळून करतात. त्यातला निळा आधी उडाला की तांबूस उरतो. माझ्या त्या पहिल्या प्रतींना हेच झाले. पिगमेंटच्या काळ्या शाईत मात्र कोळशाचेच कण असतात; म्हणजे पुन्हा आपले काजळच. शिवाय फोटोसाठी केलेल्या चांगल्या यंत्रात काळ्याबरोबर करड्या शाईच्याही एक-दोन कुप्या असतात, त्यामुळे करड्यात हिरवट-लालसर झाक येत नाही. तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारावा: शाई पिगमेंट आहे का, आणि करड्या किती आहेत? उत्तर देताना तो घुटमळला तर तिथे फक्त लग्नाचे रंगीत फोटो छापून घ्यावेत.

आता कागदाचा धागा. साधारण फोटोचा कागद म्हणजे मधे लाकडाच्या लगद्याचा कागद आणि दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पापुद्रा. तो सपाट राहतो, स्वस्त पडतो. पंधरा दिवसांच्या प्रदर्शनाला, सूचनाफलकाला तो अगदी पुरेसा आहे. तिथे उगाच खर्च करू नये. पिढ्यानपिढ्या ठेवायची प्रत असेल तर कापसाचा कागद, किंवा लाकडाचाच पण नीट शुद्ध केलेल्या लगद्याचा, ज्याला अल्फा सेल्यूलोज म्हणतात तो घ्यावा. लाकडात लिग्निन नावाचे द्रव्य असते. वर्तमानपत्र उन्हात पडून पिवळे होते ते त्याच्यामुळे. कापसात ते जवळजवळ नसतेच. चांगल्या कागदात थोडी चुनखडीही घातलेली असते; ती हवेतले आम्ल मारते. जर्मनीतली हानेम्यूले ही गिरणी १५८४ पासून कागद करते, फ्रान्समधल्या कॅन्सनची परंपरा १५५७ पर्यंत मागे जाते. इंकजेटसाठीचे त्यांचे कापसाचे कागद आपल्याकडे पुण्या-मुंबईत मिळतात. ए-फोर मापाचा एक ताव शंभर रुपयांच्या वरच पडतो, हेही सांगून टाकतो. कापसाचा कागद कसा असतो हे पाहायला मात्र इतक्या लांब जायला नको. आपल्या खिशातली नोट कापसाच्याच कागदावर छापलेली असते. घामाने भिजते, चोळामोळा होते, एखादे वेळी सदऱ्याबरोबर धुतलीही जाते, तरी बाजारात चालते.

कागदाच्या पाकिटावर जीएसएम म्हणून एक आकडा असतो. एक चौरस मीटर कागदाचे वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. गणिताच्या तासाला हा प्रयोग करण्याजोगा आहे. ए-फोर मापाचे सोळा ताव मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणून साध्या ७५ जीएसएमच्या दहा तावांचे वजन सुमारे ४७ ग्रॅम भरते, आणि ३१० जीएसएमच्या दहा तावांचे सुमारे १९४ ग्रॅम. वाण्याच्या काट्यावर करून पाहा. पण जड कागद म्हणजे चांगला कागद, असे मात्र समजू नका. जाड पुठ्ठाही जडच असतो. वजनाने कागद ताठ राहतो, पावसाळी हवेत कमी वाकतो, इतकाच त्याचा गुण.

पांढरेपणाचे तसेच आहे. पूर्वी धोतराला नीळ देत, पुढे टिनोपाल आले. कापड पांढरे होत नाही, प्रकाशाला निळसर चमक येते म्हणून पांढरे वाटते. कागदाच्या लगद्यातही त्याच जातीचे द्रव्य घालतात. दुकानात असा कागद भलता शुभ्र दिसतो. पण ते द्रव्य प्रकाशाने हळूहळू निकामी होते आणि कागद आपल्या मूळ रंगावर येतो. म्हणजे टोपी आज शुभ्र, दहा वर्षांनी पिवळसर. याची परीक्षा सोपी आहे. मंचरच्या बाजारात व्यापाऱ्याकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. त्याखाली कागद धरा. निळा-पांढरा लखलखला तर त्यात चमक घातलेली आहे. मंद, दुधाळ राहिला तर नाही. खऱ्या नोटेचा कागदही त्या दिव्याखाली लखलखत नाही. ज्या प्रतीत दफ्तरी मोल आहे तिच्यासाठी मी हा मंद राहणारा कागदच घेतो. पहिल्या दिवशी तो किंचित सायीच्या रंगाचा वाटतो. डोळा दोन मिनिटांत सरावतो.

आता खळ. इथेच माझी दुसरी फजिती झाली. पहिल्या प्रती गेल्यावर मी म्हटले, आपण जुन्नरची माणसं, हाताने केलेल्या कागदावरच का छापू नये? पुण्यात १९४० साली, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या चळवळीतून, हातकागद संस्था उभी राहिली, त्यामुळे हातकागद आपल्याकडे परका नाही. मी साधा, खरखरीत, सुंदर कागद आणला आणि त्यावर छापले. शाई टिपकागदावर मुरावी तशी मुरली. काळी घोंगडी राखेसारखी करडी झाली, चेहऱ्यांचे कंगोरे गेले. दोष कागदाचा नव्हता. तो लिहिण्यासाठी, पाकिटांसाठी केलेला होता, फवाऱ्यासाठी नव्हे. इंकजेटच्या कागदावर एक खास पातळ लेप दिलेला असतो. शाईतले पाणी तो चटकन आत घेतो आणि काळे कण वरच अडवतो. हीच आजची खळ. असा लेप बाटलीतही मिळतो आणि हौशी माणूस तो हातकागदावर कुंचल्याने देऊन छापू शकतो. पण शाळेच्या कामाला तो उपद्‌व्याप मी सुचवणार नाही. लेप बहुधा एकाच बाजूला असतो. कोणत्या, हे कळायला कोपऱ्याला ओलसर बोट लावा. लेपाची बाजू किंचित चिकटते.

लेपाच्या तऱ्हा मुख्यतः दोन. एक मॅट, म्हणजे न चमकणारी, चुन्याने सारवलेल्या भिंतीसारखी. दुसरी बरायटा. तिच्यात कागद आणि लेप यांच्यामध्ये बेरियम सल्फेट या पांढऱ्या खनिजाचा थर असतो. अंधाऱ्या खोलीत फोटो धुण्याच्या काळी जो उत्तम कागद मिळे, त्यातही हाच थर असे. म्हणून बरायटावरची प्रत जुन्या फोटोसारखी भासते. दोहोंत फरक पडतो तो काळ्याच्या खोलीत. चांगल्या मॅट कागदावरच्या सर्वांत गडद काळ्यावर शंभर भाग प्रकाश टाकला तर सुमारे अडीच भाग परत येतो. बरायटावरून येतो अर्धा भाग. ऐकताना फरक किरकोळ वाटेल. पण गडद छटांच्या पायऱ्या या दोन टोकांच्या मध्येच बसवायच्या असतात. जिना उंच असला की पायऱ्या वेगळ्या दिसतात. बुटका असला की एकमेकींवर चढतात.

त्या डब्यात एक निगेटिव्ह होती. घराच्या ओसरीवर घोंगडी पांघरलेले एक म्हातारे गृहस्थ, आणि मागे दाराचा अंधार. चकचकीत प्रतीत दुकानाच्या यंत्राने आपल्या मनाने काळे वाढवले होते, त्यामुळे दार म्हणजे नुसता काळा चौकोन. हातकागदावर तोच चौकोन करडा. कापसाच्या मॅटवर घोंगडीची वीण दिसू लागली आणि दारात काहीतरी आहे असा भास झाला. बरायटावर छापले तेव्हा दारात एक बाई उभी दिसली, कडेवर मूल घेऊन, चौकटीला हात लावून. नव्या वसाहतीतल्या एका आजींना मी त्या चारही प्रती दाखवल्या. पहिल्या तीन त्यांनी बाजूला ठेवल्या. चौथी उजेडाकडे धरून म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आमची थोरली जाऊ. हिचा फोटो कुणी काढलाच नाही, असं आम्ही म्हणत होतो, मास्तर."

ती निगेटिव्हमध्ये पहिल्यापासून होतीच.

म्हणून मग नेहमी बरायटाच घ्यावा का? नाही. आहुप्याच्या कड्यावरचे धुके, भाताची खाचरे, शाळेच्या पटांगणात पांढऱ्या सदऱ्यातली रांग, असले उजळ फोटो मॅट कागदावर फार गोड दिसतात. बरायटाची चकाकी तिथे आड येते. हातात घेऊन बघायचा संग्रह असेल तर मॅट बरा, खिडकीचे प्रतिबिंब पडत नाही. मात्र मॅटवरची शाई नखाने, घासण्याने सहज उठते, तेव्हा कागद कडेनेच धरावा. कापसाच्या कागदावर सुटे तंतूही असतात. छापण्यापूर्वी मऊ कुंचल्याने झटकले नाहीत तर ते नंतर गळतात आणि काळ्यात पांढरे ठिपके पडतात. काळोख, घोंगड्या, लेण्यांचे आतले खांब, तमाशाच्या तंबूतली रात्र, असा गडद माल असेल तर माझे मत बरायटाला. आणखी एक: मॅटला वेगळी काळी शाई लागते आणि बरायटाला वेगळी. यंत्रात कागदाचे नाव चुकीचे सांगितले तर उत्तम कागदही फुकट जातो. प्रत्येक कागदासाठी कंपनी एक प्रोफाइल देते, म्हणजे या कागदावर किती शाई सोडायची याचा हिशेब. तो वापरला का, हे दुकानदाराला विचारायला संकोच करू नये.

सगळे फोटो एकदम छापायला टाकू नका. आधी एक पट्टी छापून घ्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत अकरा चौकोनांची. शेवटचे दोन गडद चौकोन वेगळे ओळखू आले आणि पहिला फिका चौकोन कोऱ्या कागदापासून निराळा दिसला, तर पुढे जा. पट्टी दुकानाच्या दिव्याखाली पाहू नका. फोटो जिथे लागणार त्या भिंतीजवळ नेऊन दिवसा पाहा. कंपन्यांची नमुन्याची पाकिटेही मिळतात, प्रत्येक जातीचे एक-दोन ताव. दोन-तीन शाळांनी मिळून एक पाकीट घेतले तर खर्च वाटला जातो. आणि पैसे अपुरे असतील तर तीस फोटो वाईट कागदावर छापण्यापेक्षा सहा फोटो चांगल्या कागदावर छापावेत, बाकीचे संगणकात जपून ठेवावेत. निगेटिव्ह तर कुणालाही देऊन टाकू नयेत.

छापून आल्यावर प्रत एक दिवस मोकळी वाळू द्या. शाईतले द्रव उडायला वेळ लागतो. घाईने चौकटीत घातली तर काचेवर आतून धुरकट साय धरते. काच प्रतीला टेकू देऊ नका. मधे पुठ्ठ्याचा माउंट हवा, नाहीतर आपल्या पश्चिमेकडच्या गावांच्या पावसाळ्यात ती चिकटलीच म्हणून समजा. हा पुठ्ठाही आम्लविरहित असावा. ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा समोरून ऊन पडणाऱ्या जागी चौकट लावू नका. भिंत आणि चौकट यांच्यात बुचाचे दोन तुकडे ठेवले की मागून हवा खेळते, कसर आणि बुरशीही कमी धरते.

चौकट बंद करण्यापूर्वी एक काम उरते. प्रतीच्या मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने गाव, अंदाजे साल आणि डावीकडून उजवीकडे माणसांची नावे लिहा. बॉलपेन नको, ते कागदातून पुढे उमटते. ती नावे सांगणारी माणसे गावात आहेत तोवर, वह्या घेऊन मुलांनाच त्यांच्याकडे पाठवा. आमच्या त्या दारातल्या बाईंचे नाव आजींनी सांगितले, मूल कोणते हेही सांगितले. ते मूल आता साठीच्या पुढे आहे आणि एक प्रत त्यांच्या घरी गेली आहे.